‘आय ॲम फाइन’च्या पुढे

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत माझा तिसरा की चौथा दिवस असेल. जुलैचा पाऊस कौलांवर वाजत होता. तिसरीतली एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल, अंगाभोवती आवशीची जुनी शाल. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी सवयीनं विचारलं, “हाऊ आर यू?” ती ताडकन उभी राहिली, हात बाजूला सरळ केले आणि सुरात म्हणाली, “आय ॲम फाइन, थँक्यू टीचर, अँड यू?” मग पुन्हा भिंतीला टेकून कुडकुडत बसली.

तिच्या लेखी ते उत्तर नव्हतंच. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणतात तसं ते म्हणायचं असतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे आज शाळेत येणाऱ्या पोरांच्या आयाही पहिलीपासून इंग्रजी शिकल्या. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. तरीही रस्त्यात भेटलेल्या सातवीतल्या पोराला “व्हेअर आर यू गोइंग?” विचारलं तर तो आपलं नाव सांगतो. मार्क पडतात, भाषा तोंडात येत नाही. गावात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या माणसाला नेमकं काम आहे ते इथे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दोन शालेय वर्षं हे काम केलं. त्यानंतर ओळखीपाळखीतून बरेच जण विचारतात. गावचं घर बंद आहे, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, इंग्रजी बऱ्यापैकी येतं, जाऊन शिकवावं का? जरूर जा. पण तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे याच्याशी गावाला फारसं देणंघेणं नाही. तुम्ही पावसातही येता का आणि पुढच्या वर्षीही असता का, एवढंच ते बघतात. मुंबईहून गाडी भरून येणारी, वह्या वाटून फोटो काढून जाणारी मंडळी पोरांनी खूप पाहिलेली असतात. त्यांची नावंसुद्धा मुलांना आठवत नाहीत. त्या वह्यांच्या रंगावरून मात्र कुठल्या वर्षीच्या ते सांगतात.

म्हणून पहिला प्रश्न मुदतीचा. पंधरा दिवस, महिनाभर असा विचार असेल तर सुट्टीत गावी जा, आंबे खा, शाळेच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ पासून जगभरच्या खेड्यांत इंग्रजी शिकवायला जात आले. त्यांची मुदत साधारण सत्तावीस महिन्यांची, त्यातले पहिले तीनेक महिने तिथली भाषा आणि रीतभात शिकण्यात जातात. तुम्ही म्हणाल, आपण तर मराठीच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवर चार दिवस राहून बघा. “तुम्हाला कोणी पाठवलान?” हा मला आलेला पहिला प्रश्न. दुसरा, “पगार किती?” पगार नाही म्हटल्यावर संशय वाढतो, कमी होत नाही. निवडणुकीला उभ्या राहणार का, धर्मबिर्माचं काही आहे का, जमीन बघायला आलात का, हे सगळं लोक आडून विचारतात. रागावू नका. या भागातल्या जमिनी कोणी कशा घेतल्या हे त्यांनी पाहिलंय. एक पूर्ण शालेय वर्ष, जून ते एप्रिल, एवढी तयारी असेल तरच पुढचं वाचा.

शाळेत थेट जाऊन उभे राहू नका. तुमच्या आजोबांनी जागा दिलेली असली तरी शाळा सरकारी आहे. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करायचा: मी कोण, किती शिकले, आठवड्याचे कोणते दिवस, किती वाजता, किती महिने, मोबदला नको. हा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठराव करून घ्यायला सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती असते आणि तीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे वाडीतलीच माणसं. अर्जाची एक प्रत केंद्रप्रमुखांना आणि एक पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोचपावती घ्या. केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ हे संकेतस्थळ अशाच स्वयंसेवकांसाठी आहे, तिथेही नाव नोंदवता येतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून अर्जाला जोडाच. कोणी मागितला नाही तरी जोडा. आपण मुलांमध्ये वावरणार आहोत, ही तपासणी अपमानाची नाही. त्याच कारणासाठी दोन नियम स्वतःला घालून घ्या. एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत शिकवायचं नाही, शिकवणी देवळाच्या सभामंडपात नाहीतर पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, कितीही गोड असले तरी.

आता शिक्षकांबद्दल. साठपर्यंत पट असला की कायद्यानं दोन शिक्षक. म्हणजे चार-पाच वर्ग दोन माणसांच्या अंगावर, आणि त्यातलेही एक बैठकीला, नाहीतर प्रशिक्षणाला, नाहीतर मतदारयादीच्या कामाला गेलेले. वर पोषण आहाराचा हिशेब आणि मोबाइलवर भरायची माहिती. ती माहिती भरायला रेंज नाही म्हणून गुरुजी भर उन्हात सड्यावर जाऊन उभे राहतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. अशा माणसाला बाहेरून आलेली हौशी बाई ही मदत वाटेल की आणखी एक तपासणी, हे तुमच्या पहिल्या पंधरवड्यावर ठरतं.

माझा पहिला पंधरवडा वाया गेला. मागच्या बाकावर बसून मी गुरुजींचा तास ऐकत होते. त्यांनी ‘व्हेजि-टेबल’ असा उच्चार केला आणि मी पोरांदेखत तो सुधारला. ते काही बोलले नाहीत. पुढे आठवडाभर माझ्या तासाला काही ना काही काम निघत गेलं: कधी वृक्षारोपण, कधी वजन-उंची, कधी नुसतीच साफसफाई. चूक माझी होती आणि मला कळायला आठवडा लागला. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, सर, पहिली-दुसरीला गप्प न करता तिसरी-चौथीला शिकवायचं कसं, मला जमत नाही, दाखवाल का? त्यांनी दाखवलं. मोठ्याच्या शेजारी धाकटा बसवायचा, धाकट्यानं शब्द दाखवायचा, मोठ्यानं वाचायचा, दोघांचं मिळून एकच काम. हे कुठल्याही पुस्तकात मला मिळालं नसतं. तुम्ही इंग्रजी घेऊन जाताय, वर्ग सांभाळणं त्यांच्याकडून शिका. उच्चार सुधारायचेच असतील तर खिचडी खाताना, गप्पांत, एकाच शब्दापुरते, आणि त्या बदल्यात तुमच्या बोलण्यातलं काही त्यांना सुधारू द्या.

राहण्याचं म्हणाल तर प्रत्येक वाडीत चाकरमान्यांची दोन-चार घरं गणपती आणि मे महिना सोडला तर बंद असतात. मालकाला मुंबईत फोन केला तर घर उघडं राहील, धूर निघेल, वाळवी लागणार नाही, म्हणून तो आनंदानं देतो. तरी भाडं ठरवा आणि द्या. फुकटात राहिलेल्या माणसाला गणपतीत चार दिवसांसाठी ओटीवर झोपायची वेळ येते. पावसाआधी कौलं शाकारून घ्या. इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तरी एप्रिलपासून विहिरीचा तळ दिसायला लागतो, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची पाळी कोणाची, कधी, हे शेजारणीला आधीच विचारून ठेवा. भांडण लागतं ते इथेच.

विंचू, फुरसं, कधीमधी घोणस यांना घाबरून परत येऊ नका, पण बेफिकीरही राहू नका. फुरसं वीतभराचं, पाचोळ्यात नाहीतर चिऱ्याच्या गडग्याच्या फटीत बसलेलं, दिसतच नाही. अंधार पडला की विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात गमबूट घालायचे, आणि घालण्याआधी उलटे करून झटकायचे. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री गाडी कोणाकडे मिळते, हे पहिल्याच दिवशी लिहून भिंतीला लावा. चावल्यावर विचारत बसायला वेळ नसतो.

जाण्यायेण्याला एसटी. देवरुखहून संध्याकाळी सुटणारी वस्तीची गाडी आमच्या फाट्यावर रात्री मुक्कामाला थांबे आणि पहाटे परत जाई. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर हे गावाचं बाहेरचं जग. औषधं, पार्सलं, तालुक्याच्या दुकानातले खडू, सगळं त्यांच्या हातून येई. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. फाट्यापासून वाडी मात्र पायीच, मधे साकव, मग घाटी. दम लागला की मला धोंडो केशव कर्वे आठवत. याच जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुडहून ते सतरा-अठराव्या वर्षी परीक्षा द्यायला डोंगर ओलांडत साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आपली घाटी वीस मिनिटांची.

खाण्यापिण्याचं एकच सांगते. “वाईच चा घ्या” याला नाही म्हणायचं नाही. दूध नसेल तर कोरा मिळेल, तोही घ्यायचा. आणि एकाच वाडीत चहा पिऊ नका. गावात चार-पाच वाड्या असतात, त्यांच्यात जुने हिशेब असतात. तुमचं बस्तान देवळाशेजारच्या वाडीत बसलं आणि बौद्धवाडीच्या ओटीवर तुम्ही कधी टेकलातच नाही, तर तिकडची पोरं तुमच्या शिकवणीला येणार नाहीत. कोणी तसं बोलून दाखवणार नाही, ती नुसती येणार नाहीत.

आता वर्गात चला.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. फळ्यावर उभी रेघ मारा आणि पोरांना म्हणा, तुम्हाला येणारे इंग्रजी शब्द सांगा. आधी शांतता. मग कोणीतरी म्हणतं, बॅट. मग बॉल, विकेट, आउट. मग घरातले: लाइट, बिल, गॅस, फॅन, मोबाइल, चार्जर, रेंज, रिचार्ज. मग बस, स्टॉप, तिकीट, कंडक्टर, डबल बेल. मग आजीचे: ठेसन, टायम, डागदर, पावडर. आमच्या वर्गात पाऊण तासात एकशे चाळीसच्या वर शब्द झाले, फळा पुरेना म्हणून भिंतीवर कागद लावले. “आपल्याला इंग्रजी येत नाही” हे वाक्य त्या दिवसानंतर कोणी म्हटलं नाही. गंमत म्हणजे याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांनी अशा शब्दांना एकेक करून मराठी प्रतिशब्द घडवले. फळ्यावर रोज लिहितो तो ‘दिनांक’ त्यांचाच. मी मुलांना दोन्ही सांगत असे. दोन शब्द असणं म्हणजे दोन खिसे असणं.

दुसरी यादी उलट दिशेची. मँगो, जॅकफ्रूट, कॉयर, टीक, हे शब्द इंग्रजांनी विलायतेहून आणलेले नाहीत. आंबा, फणस, काथ्या आणि साग यांची ही नावं दक्षिणेतल्या भाषांतून पोर्तुगिजांच्या तोंडी गेली आणि तिथून इंग्रजीत शिरली. काजू तर पोर्तुगीज बोलीतूनच आपल्याकडे आला, इंग्रजीत त्याच शब्दाचा कॅश्यू झाला. हापूसच्या नावातही आफोन्सो नावाचा पोर्तुगीज बसलाय. चौथीतल्या पोराला हे सांगितलं की तो घरी जाऊन बापाला सांगतो. बाप दुसऱ्या दिवशी शाळेच्या गडग्याशी येऊन उभा राहतो, खरं काय म्हणून विचारायला. पालकांना शाळेत आणायचा याहून स्वस्त उपाय मला सापडला नाही.

मग सर्वनामं. इथे खरी मजा आणि खरी अडचण. मराठी कानाला ‘ही’ म्हणजे बाई, इंग्रजीत ‘ही’ म्हणजे पुरुष. ‘शी’ म्हटलं की पहिली-दुसरीची पोरं नाक धरून लोळतात. ‘आय’ म्हणजे काहींच्या घरी आई. त्यामुळे “आय ॲम” ऐकून एकानं निरागसपणे विचारलं, “बाई, कोणाची आय?” हसून घ्या, पोटभर हसू द्या. हसलेला शब्द विसरत नाही. पण पुढचा पेच हसण्यावारी जात नाही. आपल्याकडे फणस तो, पाटी ती, झाड ते. वस्तूंनासुद्धा लिंग आहे. त्यामुळे मुलं मोठ्या तर्कशुद्धपणे सांगतात की फणस ‘ही’ आणि पाटी ‘शी’. चूक म्हणून खोडू नका. व्याकरणाचं नाव न घेता खेळ घ्या. अंगणात तीन गोल आखायचे: माणूस-बाप्या, माणूस-बाई, बाकी सगळं. हातात एकेक वस्तू नाहीतर चित्र द्यायचं, पळत जाऊन गोलात उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ही, शी किंवा इट. पहिल्या दिवशी फणसाचं चित्र घेतलेला मुलगा दोन गोलांच्या मधोमध उभा राहिला आणि रडकुंडीला आला. आठवड्यानं तोच दुसऱ्यांना ओढून गोलात नेत होता. गुरं कुठल्या गोलात, यावर मात्र वर्गाचं एकमत कधीच झालं नाही. ज्यांच्या घरी गाय होती त्यांनी तिला ‘इट’ म्हणायला साफ नकार दिला. इंग्रजांनाही आपल्या कुत्र्याला ‘इट’ म्हणवत नाही. म्हणून मी तो वाद मिटवला नाही.

काही शब्द फुकट पदरात पडतात. ‘गिव्ह मी’ मधला ‘मी’ मुलांना समजावून सांगावा लागत नाही. ‘बस’मध्ये बस म्हटलं की दोन्ही भाषा एका वाक्यात. उच्चारांतही आपलाच साठा वापरा. ‘आवाज’ शब्दातला शेवटचा ज तोंडात आहे, मग झेड शिकवायला वेगळं काही लागत नाही. ‘फणस’ म्हणताना ओठ मिटतात, ‘फॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, हे आरशात दाखवलं की पाच मिनिटांत काम होतं. याउपर उच्चारांच्या मागे लागू नका. आपल्याला बीबीसीवर निवेदक पाठवायचे नाहीत. पुढे आखातात नोकरीला गेलेल्या, जहाजावर चढलेल्या किंवा चिपळूणच्या दुकानात बिल फाडणाऱ्या माणसाचं बोलणं समोरच्याला कळलं म्हणजे झालं. खेड-दापोलीकडच्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात याच इंग्रजीवर निभावून आली आहेत.

“रिपीट आफ्टर मी” कमीत कमी वापरा. ‘आय ॲम फाइन’ तिथूनच आलं. त्याऐवजी हुकूम द्या आणि हुकूम घ्या: दार उघड, खिडकी लाव, दोन चिंचोके आण, वहिनीला पाणी दे. (वहिनी म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या. त्यांना या खेळात घेतलंत तर महिन्याभरात त्या पोरांच्या पुढे जातात.) पहिले दोन महिने मुलांनी फक्त ऐकून करायचं, बोलायची सक्ती नाही. तिसऱ्या महिन्यात ती आपणहून तुम्हाला हुकूम द्यायला लागतात. मग मात्र ऐका. “स्टँड अप” म्हटलं की बाईंनी उठलंच पाहिजे, गुडघे दुखत असले तरी.

त्या तापवाल्या मुलीलाही असंच बोलतं केलं. वर्गात रोज सकाळी हजेरीच्या वेळी ‘फाइन’ या शब्दाला बंदी. हंग्री, स्लीपी, वेट, हॅपी, सिक, यांतलं काहीतरी म्हणायचं आणि तसं तोंडही करायचं. पावसाळ्यात सगळा वर्ग ‘वेट’. डिसेंबरात तिनं एकदा हात वर केला, म्हणाली, “आय ॲम अँग्री.” का, ते तिला इंग्रजीत सांगता येईना, मराठीतही सांगायचं नव्हतं. मी विचारलं नाही.

वाचन-लेखनाला घाई करू नका, आणि त्याआधी एक गोष्ट तपासा. ‘प्रथम’ संस्थेची माणसं मुलांची वाचनचाचणी घेतात ती अगदी साधी असते: अक्षर, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. मराठीतली अशी चाचणी तुम्हीच एका कागदावर करा आणि प्रत्येक मूल कुठे अडतं ते पाहा. तिसरी-चौथीचं जे मूल मराठी परिच्छेद वाचू शकत नाही, त्याला इंग्रजी स्पेलिंग पाठ करायला लावणं हा अन्याय आहे. त्याचा तास मराठी वाचनाला द्या. तुम्ही इंग्रजीच्या बाई म्हणून आलात हे विसरा. माझ्या पहिल्या वर्षातला निम्मा वेळ असाच गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. त्याच ओघात मुलांची बोली ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. “माजा बापूस मुंबयला हाय” हे संपूर्ण, बिनचूक वाक्य आहे. त्यावर नाक मुरडलंत तर ते मूल तुमच्यासमोर मराठीही बोलणार नाही, मग इंग्रजी दूरच.

पुस्तकं विकत आणायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं शाळेत असतात आणि त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवताही येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हींत मिळतात, तालुक्याला छापून आणायच्या. आठवी ते दहावीची मुलं संध्याकाळी येत. त्यांच्यासाठी मी माझी जुनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढली. शिक्षणतज्ज्ञ नाकं मुरडतील, पण मराठी वाक्याची रचना इंग्रजीत कशी उलटीपालटी होते हे त्या वयाला भाषांतरानं जितकं लख्ख कळतं तितकं दुसऱ्या कशानं नाही. शिकवणीचं वेळापत्रक वस्तीच्या गाडीवर ठरवा, घड्याळावर नको. हायस्कूलची मुलं तिनंच येतात.

वर्षाचा हिशेब आधीच मांडून ठेवा. पाचवीपर्यंत वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरावी असा कायदा आहे, पण तुमच्या हाती सलग दिवस फार थोडे येतात. जून-जुलैत लावणी. तरवा काढायला घरची सगळी माणसं शेतात असतात, धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. ती आली नाही म्हणून ओरडू नका, धाकट्याला कडेवर घेऊन ये म्हणावं. मग गणपती. कोकणातल्या शाळांना त्याची सुट्टी असते, आणि सुट्टी संपली तरी मुंबईकर परतेपर्यंत गाव ताळ्यावर येत नाही. जाखडीची तालीम रात्री बारापर्यंत चालते, सकाळी वर्गात पोरं पेंगतात. फाल्गुनात शिमग्याची पालखी घरोघर फिरते. ती ज्या दिवशी तुमच्या वाडीत, त्या दिवशी शाळा सुट्टीची असो की नसो, पोरं पालखीमागे. तुम्हीही जा. सलग आणि मन लावून शिकवण्याचा काळ म्हणजे दिवाळी ते शिमगा, जेमतेम चार महिने. जे पक्कं करायचंय ते तेव्हा. बाकीच्या महिन्यांत दोन-दोन दिवसांत संपणारे छोटे पाठ आखा, पुढचा दिवस मिळेल हे धरून चालू नका.

नेऊ नये अशा गोष्टी: चॉकलेटं (तुम्ही नाही आणलीत त्या दिवशी वर्गाला तुमची गरज वाटत नाही), आणि मुंबईच्या मैत्रिणींचा घोळका ‘शाळा बघायला’. न्यावं असं: खडू भरपूर, कारण ओलाव्यानं शाळेचे खडू मऊ पडतात. एक छोटा आरसा. जाड पुठ्ठे आणि त्यांना गुंडाळायला प्लास्टिक, नाहीतर पावसाळ्यात शब्दपट्ट्यांना बुरशी येते. आणि हाताशी एक जाड वही. रोज कोण आलं, काय झालं, कुठे फसलं, चार ओळी लिहायच्या. ही वही तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी आहे.

कारण तुम्ही जाणारच. गुडघे, नातवंडं, नवऱ्याचं पथ्यपाणी, काहीतरी निघतंच. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच वाडीतलं कोणीतरी तयार करा. आमच्याकडे बारावी झालेली एक नवी सून होती. नवरा मुंबईला, दुपारी तिला वेळ असे. आधी ती नुसती दाराशी उभी राहून ऐकायची, मग गोलांच्या खेळात पंच झाली. मी निघाले तेव्हा वही आणि आरसा तिच्याकडे दिला. समितीनं तिच्या नावाचा वेगळा ठराव केला. तो करून घ्यायला मात्र मला तीन बैठकांना जावं लागलं, तेवढी चिकाटी ठेवा.

निघायचं ठरलं असेल तर शेवटची एक गोष्ट. शाळा उघडते १५ जूनच्या सुमाराला, पण अर्ज एप्रिलमध्येच द्या. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं आणि गुरुजी त्यांच्या गावी गेलेले असतात.